‘हंटरवाली’ची जोखीम
चित्रपटाच्या धंद्यात जोखीम भांडवलाची, असे मानण्याची रीत आहे. नादिया यांचे चरित्र हा हिशेब अपुरा ठरविते. १९०८ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे जन्मलेल्या मेरी इव्हान्स बालपणीच मुंबईस आल्या. पहिल्या महायुद्धात वडील गेले. पुढे दुकानात विक्रेती, मग सर्कशीत कलावंत, अशी कामे त्यांनी केली. वाडिया बंधूंनी त्यांना नायिका केले. मुखवटा घालून, चाबूक चालवून अन्याय निवारणारी स्त्री कोणास रुचणार, म्हणून वितरकांनी पाठ फिरविली. अखेर निर्मात्यांनीच १९३५ साली ‘हंटरवाली’ प्रदर्शित केला. तो २५ आठवडे चालला. भांडवल वसूल झाले. मात्र धाडसी दृश्ये नादिया स्वतःच करीत. देहाची ती जोखीम पुढेही चित्रपटागणिक चालूच राहिली. १९९६ साली त्या मुंबईत निवर्तल्या. भांडवलाबरोबर या श्रमाचीही नोंद व्हावयास हवी.