वाकड्या नळीचा जनक : आंरी पीतो

पावसाळ्यात वैनगंगा दुथडी भरून वाहू लागली म्हणजे भंडाऱ्याच्या पुलावरून ते पाणी पाहण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. आमच्या विद्यार्थिमित्रांसही तो आवरत नसेल. पाणी वेगाने धावते आहे हे कोणीही सांगेल. परंतु ते नेमके किती वेगाने धावते, आणि पृष्ठभागावर जितके धावते तितकेच तळाशीही धावते काय, असे कोणी विचारल्यास उत्तर देणे कठीण जाईल. हाच प्रश्न सुमारे तीनशे वर्षांपूर्वी फ्रान्स देशातील एका गृहस्थांस पडला, आणि त्यांनी शोधलेल्या एका साध्या वाकड्या नळीवर आज विमानाने जाणाऱ्या लक्षावधी मनुष्यांचे प्राण अवलंबून आहेत. त्यांचे नाव आंरी पीतो. मराठी कानांस हे आडनाव ऐकताच पाणी पिण्याचे स्मरण व्हावे, आणि ज्यांनी आपले बहुतेक आयुष्य पाण्याच्या अभ्यासात घालविले त्यांस ते शोभावे, हा मोठा गमतीचा योग होय.

पीतो यांचा जन्म 3 मे 1695 रोजी दक्षिण फ्रान्समधील, ऱ्होन नदीकाठच्या आरामाँ ह्या गावी झाला. बाळपणी त्यांचे शाळेत मन रमत नसे, ही गोष्ट आम्ही लपवून ठेवीत नाही. मात्र आळशी विद्यार्थ्यांनी तेवढीच लक्षात ठेवून पुढील मजकूर वाचावयाचा सोडू नये. तरुणपणी ते काही काळ सैन्यात होते. तेव्हा ग्रनोबल शहरातील एका पुस्तकविक्रेत्याच्या दुकानात भूमितीचा एक ग्रंथ त्यांच्या हाती पडला, आणि तेथून त्यांच्या आयुष्याची दिशाच पालटली. घरी परतून त्यांनी स्वतःच्या परिश्रमाने गणित व ज्योतिष ह्यांचा अभ्यास केला. 1718 साली ते पॅरिसला गेले. तेथे रेओम्यूर ह्या विख्यात शास्त्रज्ञांच्या हाताखाली त्यांनी काम केले, आणि 1724 साली त्यांस राजाश्रयाखालील विज्ञान अकादमीत प्रवेश मिळाला. वर्तुळास बाहेरून स्पर्श करणाऱ्या चौकोनाच्या समोरासमोरील बाजूंच्या बेरजा समान असतात, हा भूमितीतील सुंदर सिद्धांत त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

त्या काळी मोठमोठे विद्वान असे मानीत की नदीचे पाणी जसजसे खोल जावे तसतसे अधिक वेगाने वाहते. भांड्याच्या तळाशी भोक पाडल्यास पाणी जोराने बाहेर पडते, त्यावरून बांधलेले ते अनुमान होते. पीतो यांनी वादविवाद न करता प्रत्यक्ष मोजावयाचे ठरविले. त्यांनी एका लाकडी दांड्यावर काचेच्या दोन नळ्या बसविल्या. एक सरळ, व दुसरी खालच्या टोकाशी काटकोनात वाकविलेली. वाकड्या नळीचे तोंड प्रवाहाच्या समोर धरताच आत शिरणाऱ्या पाण्याचा वेग अडून त्याचा दाब होई, आणि त्या दाबाने नळीतील पाणी बाहेरच्या पातळीहून वर चढे. दोन्ही नळ्यांतील उंचीचा फरक पाहिला की वेग कळे. वेग सेकंदास 1 मीटर असल्यास हा फरक सुमारे 5 सेंटिमीटर, आणि 2 मीटर असल्यास सुमारे 20 सेंटिमीटर भरतो. म्हणजे वेग दुप्पट झाला की उंची चौपट होते. हे यंत्र सेन नदीत बुडवून पाहिले तेव्हा खोलीबरोबर वेग वाढत नसून कमी होतो असे आढळले. 1732 साली पीतो यांनी त्याचे वर्णन अकादमीपुढे मांडले. भंडाऱ्यासारख्या पितळेच्या कामाकरिता नावाजलेल्या गावात अशी वाकडी नळी घडविणे कारागिरांस सहज जमेल. परंतु ती घडवून प्रवाहात धरावी असे सुचणे, हेच त्यांचे मोठेपण.

पुढे त्यांनी आपले ज्ञान लोकोपयोगी कामी लाविले. 1740 साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांस आपले सदस्य करून घेतले. त्यानंतर आपल्या लांगदॉक प्रांतात राहून त्यांनी कालवे व पूल ह्यांची कामे पाहिली. गार नदीवरील प्राचीन रोमन जलसेतूस लागून 1743 ते 1747 ह्या काळात त्यांनी रस्त्याचा पूल बांधिला, आणि माँपेलिए शहरास दुरून झऱ्याचे पाणी आणणारा सुमारे 14 किलोमीटर लांबीचा जलमार्ग उभारिला. 27 डिसेंबर 1771 रोजी आरामाँ येथेच त्यांचे देहावसान झाले. एकोणिसाव्या शतकात आंरी दार्सी ह्या अभियंत्यांनी त्यांच्या नळीत सुधारणा केल्या; आणि विसाव्या शतकात ती पाण्यातून निघून आकाशात गेली.

विमानाच्या पंखावर किंवा नाकाशी जी बारीक नळी पुढे तोंड करून असते ती हीच. तिला पिटो ट्यूब म्हणतात. तिच्यात समोरच्या वाऱ्याचा दाब शिरतो, व विमानाच्या बाजूस असलेल्या लहान छिद्रातून स्थिर हवेचा दाब घेतला जातो. दोन्ही दाब दोन वेगळ्या नळ्यांनी वेगदर्शक यंत्रास पोहोचतात. पहिला आतील पातळ धातूच्या डबीत, दुसरा तिच्या भोवतीच्या पोकळीत. डबी फुगेल त्या प्रमाणात काटा सरकतो. मुंबईचे कॅप्टन अमोल यादव ह्यांनी कांदिवलीस घराच्या गच्चीवर विमान बांधिले, ते 2016 साली प्रदर्शनात अनेकांनी पाहिले असेल. असे विमान घरी बांधणाऱ्या कोणासही ह्या नळ्या स्वतःच जोडाव्या लागतात, आणि तेथे अत्यंत दक्षता हवी. दोन नळ्यांची अदलाबदल झाली तर काटा वर चढतच नाही. पुढच्या नळीचा सांधा गळका राहिला तर वेग खऱ्याहून कमी दिसतो. नळीत पाणी साचले तर काटा भलतेच सांगतो. म्हणून सर्वांत खालच्या जागी ते काढून टाकण्याची सोय ठेवितात. तोंडाने जोरात फुंकून पाहिल्यास नाजूक यंत्र कायमचे बिघडते.

हे बारकावे क्षुल्लक नव्हेत. 6 फेब्रुवारी 1996 रोजी डोमिनिकन प्रजासत्ताकातून निघालेले एक विमान समुद्रात कोसळून 189 जण मृत्यू पावले. त्याची एक पिटो ट्यूब बंद झाली होती, बहुधा मातीचे घर करणाऱ्या माशीने. त्याच वर्षी 2 ऑक्टोबर रोजी पेरू देशाजवळ आणखी एक विमान समुद्रात पडले व 70 जण गेले. विमान धुताना स्थिर हवेच्या छिद्रांवर लाविलेली चिकटपट्टी काढावयाची राहिली होती. आमच्या घरांच्या भिंतींवर अशा माश्यांची मातीची घरटी आपण नित्य पाहतो. तेवढेसे घरटे, आणि केवढा अनर्थ!

पीतो यांनी विद्वानांच्या मताहून स्वतःच्या मोजमापावर अधिक विश्वास ठेविला. आणि ज्या साधनाने मोजावयाचे ते साधन स्वच्छ व निर्दोष असल्याखेरीज मोजमापावरही विश्वास ठेवता येत नाही, हे त्यांच्या नळीने जगास शिकविले. विद्यार्थिमित्रांनो, प्रयोगशाळेत नळीचा सांधा जोडताना, किंवा वहीत आकडा उतरविताना, कोण पाहतो आहे असा विचार मनात आला तर ह्या वाकड्या नळीचे स्मरण करा. आणि पालकांस आमची एवढीच विनंती, की ज्या मुलाचे शाळेत मन रमत नाही त्याच्या हाती एखादे चांगले पुस्तक पडेल अशी तजवीज करावी. ग्रनोबलच्या त्या दुकानातील एका ग्रंथाने काय घडविले, हे आपण वर पाहिलेच आहे.