फ्रेडरिक डॅने : रहस्यकथेचा जतनकर्ता संपादक

१. पूर्वपीठिका

रहस्यकथेचा अभ्यास करताना आपले लक्ष प्रायः लेखकाकडे आणि त्याने निर्मिलेल्या गुप्तहेराकडे जाते. ज्या मासिकांतून या कथा वाचकांपर्यंत पोहोचल्या, ती मासिके व त्यांचे संपादक मात्र दुर्लक्षित राहतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत अशी अनेक मासिके निघाली आणि त्यांतील बहुसंख्य अल्पायुषी ठरली. स्वस्त कागदावर छापलेल्या या अंकांबरोबर त्यांतील कथाही नष्ट होण्याची भीती होती. डॅने यांचे कार्य या संदर्भात पाहावयाचे आहे.

२. जडणघडण

डॅने यांचा जन्म २० ऑक्टोबर १९०५ रोजी ब्रुकलिन येथे झाला. त्यांचे मूळ नाव डॅनियल नेथन. बालपण न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा या लहान गावी गेले. वयाच्या बाराव्या वर्षी आजारपणात शेरलॉक होम्सच्या कथा हाती आल्या आणि रहस्यकथेची गोडी कायमची लागली.

पुढे मावसभाऊ मॅनफ्रेड ली यांच्यासह त्यांनी ‘एलरी क्वीन’ या नावाने लेखन केले. डॅने कथानक रचीत, ली ते शब्दबद्ध करीत. ‘मॅक्ल्युअर्स’ मासिकाच्या ७५०० डॉलरच्या स्पर्धेत त्यांची पहिली कादंबरी विजयी ठरल्याचे त्यांना कळले. परंतु मासिकच दिवाळखोरीत निघाले आणि पारितोषिक दुसऱ्या लेखकाकडे गेले. ‘द रोमन हॅट मिस्टरी’ ही ती कादंबरी १९२९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

३. चार अंकांचे मासिक

ऑक्टोबर १९३३ मध्ये या बंधूंनी ‘मिस्टरी लीग’ हे मासिक काढले. दर्जाचा आग्रह मोठा, पण काळ महामंदीचा. जानेवारी १९३४ च्या चौथ्या अंकानंतर ते थांबले. उत्तम रहस्यकथांचे स्वतंत्र मासिक असावे, ही कल्पना मात्र डॅने यांनी सोडली नाही.

४. संपादनाची चार दशके

१९४० मध्ये मोटार अपघातात डॅने मरणाच्या दारातून परतले. पुढील वर्षी, प्रकाशक लॉरेन्स स्पिव्हाक यांच्या पाठबळाने, ‘एलरी क्वीन्स मिस्टरी मॅगझिन’ सुरू झाले. पहिल्याच अंकात डॅशिएल हॅमेट, मार्जरी अलिंगहॅम व कॉर्नेल वूलरिच यांच्या कथा होत्या. डॅने यांनी जुन्या मासिकांत विखुरलेल्या कथा शोधून पुनर्मुद्रित केल्या. ‘ब्लॅक मास्क’मधील हॅमेट यांच्या कथा १९४० च्या दशकात त्यांच्याच संपादनाखाली संग्रहरूप झाल्या. नवोदितांसाठी त्यांनी ‘पहिली कथा’ हे सदर चालविले. मासिकाच्या स्पर्धेत विल्यम फॉकनर यांनीही कथा पाठविली व १९४६ मध्ये दुसरे पारितोषिक मिळविले. बोर्हेस यांची कथा इंग्रजीत प्रथम अवतरली, तीही १९४८ मध्ये याच मासिकात.

‘ब्लॅक मास्क’ १९५१ मध्ये बंद पडले. १९५३ मध्ये निघालेले ‘मॅनहंट’ १९६७ मध्ये संपले. डॅने यांचे मासिक टिकले. ३ सप्टेंबर १९८२ रोजी निधन होईपर्यंत ते त्याचे संपादक होते.

५. समारोप

कोणते लेखन क्षणिक व कोणते जतन करण्याजोगे, हे कागदाच्या किंमतीवरून ठरत नाही. लोकप्रिय वाङ्मयाची परंपरा घडविण्यासाठी लेखकाइतकाच साक्षेपी संपादकही आवश्यक असतो, हे डॅने यांच्या चरित्रावरून लक्षात येते.

स्वाध्याय : अनंत अंतरकर यांच्या ‘नवल’ मासिकाचे जुने अंक ग्रंथालयात पाहून संपादकाच्या भूमिकेविषयी दहा ओळींत टिपण लिहा.