बेथेल वसविणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री



महोत्सवाच्या या मंगल वर्षी आम्ही आपल्यापुढे अशा एका पुरुषाचे चरित्र ठेवीत आहो, की जो आपल्या ख्रिस्तसभेचा नव्हता. रेव्हरंड नारायण शेषाद्री हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पाळक होते. तथापि विभक्त बंधूंच्या ठायी जे खरे ख्रिस्ती गुण दिसतात ते आनंदाने मान्य करावे, अशी शिकवण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली आपणांस दिली आहे. शिवाय हे चरित्र आपल्याच जालन्याचे आहे. शहराजवळच्या बेथेल या वस्तीचे नाव आपणांपैकी पुष्कळांनी ऐकिले असेल. परंतु ती कोणी वसविली आणि कोणत्या हेतूने वसविली, हे थोड्यांसच ठाऊक असते.

नारायणराव ब्राह्मण कुळात जन्मले. मुंबईत स्कॉच मिशनरी चालवीत असलेल्या ज्या शाळेतून पुढे विल्सन कॉलेज उदयास आले, तीत त्यांचे शिक्षण झाले, आणि १८४३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या दिवसांत ब्राह्मणाने ख्रिस्ती होणे म्हणजे जिवंतपणी घरास मुकणे होय. आईबाप, पंक्ती, सोयरसंबंध, सारे एका दिवसात तुटत असे. नारायणरावांच्या वाट्यास याहूनही कठीण प्रसंग आला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हा अजून अज्ञान बालक होता. तो थोरल्या भावापाठोपाठ मिशनरींच्या आश्रयास गेला. पित्याने मुंबईच्या सुप्रीम कोर्टात धाव घेतली, आणि कोर्टाने मुलगा पित्याच्या स्वाधीन केला. पित्याचा तो हक्क होता, हे आम्ही नाकारीत नाही; आणि मूल गमावलेल्या पित्याच्या दुःखास कोणी हसू नये.

पुढे तर त्या मुलाला जातीत परत घ्यावे की घेऊ नये, यावरून साऱ्या मुंबईत वादळ उठले. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर मुलाच्या पाठीशी उभे राहिले, त्यांनी स्वजातीचा रोष पत्करिला आणि त्यास शुद्ध करून घेण्याची खटपट तडीस नेली. विचार करा, धर्म एका भावाने बदलला. पण दारे बंद कशी होतात, हे दुसऱ्या बालभावासही भोगावे लागले. बेघर होणे म्हणजे काय, हे नारायणरावांनी पुस्तकातून शिकले नव्हते.

१८५४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, आणि १८६० नंतरच्या दशकात जालना ही त्यांची कर्मभूमी झाली. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते. त्यांच्या उपदेशास कान दिला तो मुख्यतः मांग व महार बांधवांनी. या लोकांची वस्ती गावकुसाबाहेर असे. पाणवठा त्यांचा नव्हता, जमीन क्वचितच कोणाची होती. दोराचे, रखवालीचे, निरोप पोहोचविण्याचे काम करावे आणि गाव देईल त्या धान्यावर जगावे, असा त्यांचा संसार. अशा मनुष्याने गावाच्या देवाचे काम सोडले, म्हणजे गावाने त्याचे बलुते थांबवावयास कितीसा वेळ? मग बाप्तिस्मा घेऊन त्याने जावे कोठे आणि खावे काय?

हा प्रश्न पुष्कळ उपदेशकांपुढे आला असेल. नारायणरावांनी त्याचे उत्तर प्रवचनाने दिले नाही, जमिनीने दिले. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून त्यांनी जालन्याजवळ जमीन मिळविली, आणि तीवर ख्रिस्ती कुटुंबांची वसाहत उभी केली. घरे झाली, शेती झाली, शाळा झाली, प्रार्थनामंदिर झाले. मुसलमान राज्याच्या मुसलमान दिवाणाने, ब्राह्मण कुळात जन्मलेल्या ख्रिस्ती पाळकाला, मांगा-महारांच्या घरांसाठी जमीन द्यावी, ही गोष्ट जालन्याने अभिमानाने सांगावी अशी आहे.

वस्तीस त्यांनी बेथेल हे नाव दिले. उत्पत्तीच्या पुस्तकातील ती कथा आपण जाणता. भावाच्या भयाने घर सोडून पळालेला याकोब उघड्या माळावर धोंडा उशाला घेऊन निजला, आणि त्याच जागी त्यास देवाचे दर्शन घडले. बेथेल म्हणजे देवाचे घर. पळून आलेल्या माणसाच्या मुक्कामालाच शास्त्राने ते नाव दिले आहे. आम्हांस वाटते, याहून समर्पक नाव सापडले नसते.

या कार्यासाठी नारायणरावांनी दूरचे प्रवास केले. १८७३ साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत ते डोक्यास पागोटे बांधून उभे राहिले. ख्रिस्ती झालो म्हणून आपण परके झालो नाही, हे त्या पागोट्याने न बोलता सांगितले. १८९१ साली त्यांचे देहावसान झाले.

अशा वेगळ्या वसाहतींविषयी एक शंका काढता येते. आश्रयास आलेला मनुष्य कायम आश्रितच राहावा, आणि शेजारच्या गावापासून त्याचे मन तुटावे, हा धोका त्यांत असतो. शंका खरी आहे. परंतु ज्याच्या पायाखाली जमीनच नाही, त्यास शेजारधर्म शिकविण्याआधी उभे राहण्यास जागा द्यावी लागते. नारायणरावांनी तो क्रम ओळखला होता.

आता आपल्याकडे पाहू. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांत दूरच्या प्रांतांतून मजूर येतात, आणि याच जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर जातात. रविवारी मिस्साला शेवटच्या बाकावर एखादे अनोळखी कुटुंब बसलेले दिसते. आपण हसून नमस्कार करितो आणि घरी जातो. त्यांस भाड्याची खोली कोण देणार, मुलांचे नाव शाळेत कोण घालणार, कामावर त्यांच्यासाठी शब्द कोण टाकणार? एवढे तीन प्रश्न जरी आपण पुढील रविवारी कोणास विचारिले, तरी हा महोत्सव केवळ दिव्यांचा व पताकांचा राहणार नाही.

याकोबाचा देव आपणांस अशी दारे उघडण्याची सुबुद्धी देवो.