अश्ववंशाचा शिल्पकार : फेडेरिको टेसिओ

मुंबईच्या महालक्ष्मी किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर धावणाऱ्या कित्येक थरोब्रेड घोड्यांची वंशावळ मागे नेत गेल्यास ती इटलीतील एका छोट्या स्टड फार्मपर्यंत पोहोचते. त्या फार्मचे निर्माते फेडेरिको टेसिओ हे विसाव्या शतकातील सर्वश्रेष्ठ अश्वपैदासकारांपैकी एक मानले जातात.

टेसिओ यांचा जन्म १७ जानेवारी १८६९ रोजी तुरिन येथे झाला. आईवडिलांचे छत्र बालपणीच हरपले. तरुणपणी ते घोडदळात होते, तसेच हौशी जॉकी म्हणून शर्यतीही खेळले. १८९८ मध्ये लिडिया यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्याच वर्षी माजोरे सरोवराकाठी दोर्मेल्लो येथे या दाम्पत्याने स्टड फार्म उभारला.

इंग्लंड-फ्रान्समधील धनाढ्य अश्वमालकांच्या तुलनेत टेसिओ यांची साधने तुटपुंजी होती. त्यामुळे इतरांनी दुर्लक्षिलेल्या, परंतु उत्तम कुळातील घोड्या स्वस्तात घ्यायच्या आणि पारखून निवडलेल्या परदेशी नरांकडे पाठवायच्या, हा मार्ग त्यांनी पत्करला. १९१५ मध्ये, महायुद्धामुळे बाजार कोसळला असताना, न्यूमार्केटच्या लिलावात त्यांनी कॅटनिप ही घोडी अवघ्या ७५ गिनींना घेतली. तिची मुलगी नोगारा इटलीत गाजली. नोगारासाठी टेसिओ यांना फेअरवे हा नर हवा होता. तो न मिळाल्याने त्यांनी त्याचा सख्खा भाऊ फॅरोस निवडला. या संकरातून १९३५ मध्ये निअर्को जन्मला.

निअर्कोने १४ पैकी १४ शर्यती जिंकल्या. १९३८ मध्ये पॅरिसची ग्राँ प्री जिंकल्यानंतर काही दिवसांतच टेसिओ यांनी त्याला ६० हजार पौंडांना इंग्लंडमध्ये विकले. आदल्या वर्षी त्याच शर्यतीत दुसरा आलेला त्यांचा डोनाटेल्लोही असाच इंग्लंडला गेला होता. आपले सर्वोत्तम नर विकून त्यांनी आपली पैदास चालू ठेवली, मात्र त्या नरांच्या संततीचे वैभव इतरांच्या वाट्याला गेले. महायुद्धाच्या काळात न्यूमार्केटमध्ये निअर्कोसाठी खास बॉम्बरोधक निवारा बांधण्यात आला होता, यावरून त्याचे मोल ध्यानात यावे. त्याचा मुलगा नसरुल्ला याच्या वंशात १९७३ चा अमेरिकी तिहेरी मुकुटविजेता सेक्रेटेरियट निपजला, तर दुसरा मुलगा निअर्क्टिक हा १९६४ च्या केंटकी डर्बीविजेत्या नॉर्दर्न डान्सरचा पिता ठरला.

टेसिओ यांच्या आयुष्याचा शेवट चुटपूट लावणारा ठरला. १ मे १९५४ रोजी त्यांचे निधन झाले. रिबो हे त्यांचे चणीने लहान शिंगरू त्यानंतर दोनच महिन्यांनी, जुलैमध्ये प्रथम शर्यतीत उतरले. त्याला इटालियन डर्बीसाठी नोंदविण्यातही आले नव्हते. त्याच रिबोने १६ पैकी १६ शर्यती आणि १९५५ व १९५६ अशी सलग दोन वर्षे पॅरिसची आर्क द त्रिओंफ जिंकली. या उपेक्षित शिंगराचे कर्तृत्व पाहणे त्याच्या पैदासकाराच्या नशिबी नव्हते.

घोड्यातील चैतन्यशक्तीविषयीचे टेसिओ यांचे सिद्धांत आधुनिक आनुवंशशास्त्राने स्वीकारलेले नाहीत. त्यांची पारख मात्र निकालांनी सिद्ध केली. आज जगातील बहुतांश थरोब्रेड घोडे नॉर्दर्न डान्सरमार्फत निअर्कोचे वंशज आहेत. एकाच रक्ताचे हे प्राबल्य आता अभ्यासकांना चिंतेचे वाटते, कारण त्यामुळे या जातीतील आनुवंशिक वैविध्य घटत आहे. स्वतः टेसिओ मात्र नव्या संकरासाठी आपल्या घोड्या निरनिराळ्या देशांतील नरांकडे पाठवीत राहिले होते.