स्टुअर्टची डोकेदुखी

बीटल्स म्हटले की चार नावे आठवतात. मात्र 1960 मध्ये हा वाद्यवृंद लिव्हरपूलहून हॅम्बुर्गला गेला तेव्हा त्यात पाच जण होते आणि बेस गिटार वाजवणारा होता स्टुअर्ट सटक्लिफ. पुढच्याच वर्षी त्याने गिटार खाली ठेवली आणि पुन्हा कुंचला हाती घेतला. त्यानंतर नऊ महिन्यांत मेंदूतील रक्तस्रावाने त्याचा मृत्यू झाला. तेव्हा तो अवघा 21 वर्षांचा होता.

स्टुअर्टचा जन्म 23 जून 1940 रोजी एडिनबर्गचा. त्याच्या लहानपणीच कुटुंब लिव्हरपूलजवळ राहायला आले. वडील पुढे जहाजावरच्या नोकरीमुळे अनेकदा घराबाहेर असत, आई शाळेत शिकवत असे. चित्रकलेतली त्याची गती लवकरच दिसू लागली. लिव्हरपूलच्या कला महाविद्यालयात त्याची जॉन लेननशी गट्टी जमली आणि दोघे एकाच घरात राहू लागले. वर्गातला हुशार चित्रकार मात्र स्टुअर्टच होता. 1959च्या अखेरीस शहरातील वॉकर आर्ट गॅलरीत भरलेल्या जॉन मूर्स प्रदर्शनात त्याचे चित्र निवडले गेले आणि खुद्द जॉन मूर्स यांनीच ते 65 पौंडांना विकत घेतले. विद्यार्थ्यासाठी ही रक्कम मोठी होती. लेननच्या वाद्यवृंदाला बेस वाजवणारा हवा होता. त्याच्या आग्रहाखातर स्टुअर्टने हॉफनर कंपनीची बेस गिटार घेतली. ती त्याला धड वाजवता येत नव्हती, तो शिकत शिकत वाजवू लागला. वाद्यवृंदाला कीटकाचे नाव देण्याच्या कल्पनेतही लेननबरोबर त्याचा वाटा होता.

ऑगस्ट 1960 मध्ये सगळे हॅम्बुर्गला गेले. तिथल्या क्लबमध्ये रोज रात्री साडेचार तास आणि शनिवारी सहा तास वाजवायचे आणि एका चित्रपटगृहाच्या मागच्या कोंदट खोलीत झोपायचे, असा त्यांचा दिनक्रम होता. जागे राहण्यासाठी तिथले वादक भूक मारणाऱ्या उत्तेजक गोळ्या घेत. अशा गोळ्यांनी हृदयाचे ठोके आणि रक्तदाब दोन्ही वाढतात.

याच शहरात त्याला छायाचित्रकार अ‍ॅस्ट्रिड किर्शहर भेटली. नोव्हेंबरमध्ये दोघांचा साखरपुडा झाला. पुढे जगभर गाजलेली कपाळावर केस आणण्याची पद्धत बीटल्सपैकी सर्वप्रथम स्टुअर्टच्या डोक्यावर दिसली आणि ते केस कापले होते अ‍ॅस्ट्रिडने. मंचावर आपण पाहुणेच आहोत, हे त्याला कळून चुकले होते. 1961 मध्ये त्याने हॅम्बुर्गच्या कला महाविद्यालयात प्रवेश घेतला. तिथे त्याला शिल्पकार एदुआर्दो पाओलोझ्झी हे गुरू लाभले. तेही मूळचे एडिनबर्गचेच. आपल्या उत्तम विद्यार्थ्यांत ते त्याची गणना करत. जुलैमध्ये स्टुअर्टने वाद्यवृंद सोडला. त्याची गिटार काही काळ पॉल मॅकार्टनीने वापरली आणि बेस वाजवण्याचे काम कायमचे पॉलकडे आले.

त्यानंतर स्टुअर्ट अ‍ॅस्ट्रिडच्या घरी माळ्यावर झपाटल्यासारखा चित्रे काढत राहिला. गडद रंगांचे थर असलेले मोठमोठे अमूर्त कॅनव्हास या काळातले आहेत. डोकेदुखीही याच काळात वाढली. वेदना असह्य होत, उजेड सहन होत नसे, कधी कधी काही वेळ दिसेनासेही होई. फेब्रुवारी 1962 मध्ये तो वर्गातच कोसळला. जर्मन डॉक्टरांनी त्याला तपासले, पण नेमके कारण सापडले नाही. 10 एप्रिल रोजी तो पुन्हा कोसळला आणि रुग्णालयाच्या वाटेवर रुग्णवाहिकेतच त्याने प्राण सोडला. अ‍ॅस्ट्रिड त्याच्यासोबत होती. दुसऱ्याच दिवशी लेनन आणि मॅकार्टनी नव्या कार्यक्रमांसाठी हॅम्बुर्गला उतरले. मित्र गेल्याची बातमी त्यांना विमानतळावर अ‍ॅस्ट्रिडकडूनच कळली.

मेंदूतील द्रवाच्या उजव्या पोकळीत झालेला रक्तस्राव, असे मृत्यूचे कारण नोंदवले गेले. तो कशामुळे झाला, यावर मात्र आजही एकमत नाही. 1961च्या सुरुवातीला लिव्हरपूलजवळच्या एका कार्यक्रमानंतर त्याला मारहाण झाली आणि डोक्याला मार बसला, असे सांगितले जाते. तोच मार जिवावर बेतला, असे अनेकांना वाटते. पण तरुण वयात मेंदूत अचानक रक्तस्राव होण्यामागे अनेकदा रक्तवाहिनीतलाच दोष असतो. कधी रोहिणीला फाटा फुटतो त्या जागी भिंत कमकुवत होऊन फुगा येतो, याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. कधी जन्मतःच रोहिणी आणि नीला यांची गुंतवळ झालेली असते. शंभरातल्या सुमारे तीन प्रौढांच्या मेंदूत असा फुगा असतो. बहुतेकांना त्याचा आयुष्यभर काहीही त्रास होत नाही. फुटला, तर मात्र मिनिटामिनिटाला महत्त्व असते.

त्या डॉक्टरांना दोष देणे सोपे आहे, पण त्यांच्या हाती काय होते, हेही पाहायला हवे. साध्या क्ष-किरणांत कवटीचे हाड दिसते, मेंदू किंवा सांडलेले रक्त दिसत नाही. रक्तवाहिन्यांचे चित्रण 1927 पासून उपलब्ध होते, पण त्यासाठी बहुधा मानेतल्या रोहिणीत सुई घालावी लागे. त्यात धोका होता, त्यामुळे डोके दुखते म्हणून येणाऱ्या प्रत्येक तरुणावर ते करणे शक्य नव्हते.

हे चित्र पालटले 1 ऑक्टोबर 1971 रोजी. लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्यांदाच एका रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. हे यंत्र घडवणारे अभियंते गॉडफ्रे हाउन्सफिल्ड ईएमआय कंपनीत नोकरीला होते. बीटल्सच्या तबकड्या काढणारी कंपनीही हीच. बीटल्सच्या कमाईतून सीटी स्कॅन जन्माला आला, ही कथा मात्र पूर्ण खरी नाही. या कामात ब्रिटिश आरोग्य खात्याचाही मोठा पैसा होता. 1979 मध्ये हाउन्सफिल्ड यांना अ‍ॅलन कॉरमॅक यांच्यासोबत नोबेल मिळाले. आज मेंदूतील ताजा रक्तस्राव स्कॅनमध्ये काही मिनिटांत दिसतो. फुगा सापडला, तर त्याच्या मानेला चिमटा लावून किंवा मांडीतून नळी नेऊन आत तारेची वेटोळी भरून तो बंद करता येतो.

डोके दुखले की स्कॅन करा, असा याचा अर्थ नाही. बहुतेक डोकेदुखी ताणाची किंवा अर्धशिशीची असते. उजेड सहन न होणे हे तर अर्धशिशीतही नेहमीचेच. पण काही खुणा दिसल्या की घरी थांबू नये. क्षणार्धात सुरू होऊन एक-दोन मिनिटांत कळस गाठणारी, आयुष्यात कधी अनुभवली नव्हती अशी डोकेदुखी. सोबत उलटी, मान आखडणे, शुद्ध हरपणे किंवा झटका येणे. अचानक दिसेनासे होणे, बोबडी वळणे किंवा हातपाय लुळे पडणे. डोक्याला मार बसल्यावर वाढत जाणारी डोकेदुखी. अशा वेळी गोळी घेऊन झोपू नये, 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. घरात दोन जवळच्या नातेवाइकांना अ‍ॅन्युरिझम झालेला असेल, तर तपासणीबाबत डॉक्टरांशी बोलावे. रक्तदाब आटोक्यात ठेवणे आणि तंबाखू-सिगारेट सोडणे हे मात्र प्रत्येकाच्या हातात आहे.

1967च्या सार्जंट पेपर या तबकडीच्या मुखपृष्ठावर, प्रसिद्ध चेहऱ्यांच्या गर्दीत, डाव्या कडेला स्टुअर्टही आहे. तोवर त्याच्या जुन्या सोबत्यांना सारे जग ओळखू लागले होते. त्याची चित्रे पुढे लिव्हरपूल आणि इतर शहरांतल्या प्रदर्शनांत मांडली गेली. चित्रकार म्हणून पूर्ण वेळ काम करायला त्याला मिळाले ते जेमतेम नऊ महिने, आणि त्यातले कितीतरी दिवस डोकेदुखीने खाल्ले.