तंबोऱ्याचे शिल्पकार फरीदसाहेब

गाण्याच्या बैठकीत गवयाच्या मागे तंबोरा झंकारत असतो. श्रोत्यांचे लक्ष गवयाकडे असते. ते वाद्य कोणाच्या हातांनी घडले, हा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. आमच्या चंदगडाप्रमाणेच दक्षिण महाराष्ट्रात असलेल्या मिरजेत ज्यांनी ह्या कारागिरीचा पाया घातला, त्या फरीदसाहेबांचे चरित्र म्हणूनच आम्ही विद्यार्थिमित्रांस सादर करीत आहो.

फरीदसाहेब शिकलगार घराण्यातील होते. शस्त्रे घडविणे व त्यांस धार लावणे हा त्या घराण्याचा पिढीजात धंदा. मिरज हे पेशव्यांचे सरदार पटवर्धन यांचे ठाणे. तेव्हा तेथे अशा कामास तोटा नव्हता. परंतु १८१८ साली पेशवाई बुडाली, लढाया थांबल्या, आणि तलवारीस गिऱ्हाईक उरले नाही. हातात विद्या आहे, पण तिला मागणी नाही, असा कठीण काळ ह्या कारागिरांवर आला.

मिरजेच्या दरबारी संगीतास मोठा आश्रय होता. गवयांची वाद्ये उत्तरेकडून येत. ती मोडली म्हणजे दुरुस्त करणारा जवळपास मिळत नसे. फरीदसाहेबांनी हे काम पत्करले. वाद्य खोलावे, त्याचे अंतरंग न्याहाळावे, पुन्हा जुळवावे, असे करता करता ते स्वतःच वाद्ये घडवू लागले. मिरजेतील ह्या व्यवसायाचा आरंभ सुमारे १८५० सालचा मानतात.

तंबोऱ्याचा नाद त्याच्या घडणीत असतो. पंढरपूरकडील मोठा कडू भोपळा पुरता वाळवून घेतात. त्याच्या पोकळीत नाद घुमतो. त्यावर लाकडी तबली बसवितात. ती जाड राहिली तर आवाज दबतो. फार पातळ झाली तर तारांच्या ताणाने खचते. सर्वांत नाजूक काम जवारीचे. तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा सपाट दिसला तरी त्यास अगदी सूक्ष्म बाक असतो. तार त्यास हलकेच स्पर्शत कंप पावते, आणि खाली सुताचा धागा योग्य जागी सरकविला की वरचे स्वर खुलून उठतात. म्हणूनच खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधारही ऐकू येतो. ह्या रचनेचे शास्त्रीय विवेचन चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली केले. कारागिरांस ती आधीच हाताने साधली होती. तलवारीची धार पारखणारी नजर आणि कानस चालविणारा हात येथे किती उपयोगी पडला असेल, हे वाचकांनीच ताडावे.

फरीदसाहेबांच्या वंशजांनी व शिष्यांनी ही विद्या पुढे चालविली. खाँसाहेब अब्दुल करीमखाँ यांच्यासारखे थोर गायक मिरजेत राहिले, त्या नगरीत ती बहरली. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकनही लाभले.

विद्यार्थिमित्रहो, धंदा काळाबरोबर बदलतो; हातातील कसब मात्र नवी वाट शोधू शकते. तुमचे वडील सुतार असोत, लोहार असोत वा बुरूड असोत, त्यांच्या हातची विद्या हलकी लेखू नका. तलवार ज्या हातांत होती, त्याच हातांनी तंबोरा बोलता केला, हे आपण सर्वांनी ध्यानी धरावे, एवढीच आमची विनंती आहे.