सल्ल्याचे मोल वाढविणारा अभियंता

तंत्रज्ञान सल्लागार हा आज प्रतिष्ठेचा व्यवसाय मानला जातो. शंभर वर्षांपूर्वी मात्र सरकारी नोकरी सोडून केवळ आपल्या तांत्रिक सल्ल्याच्या बळावर जगता येईल, हा विचारच भारतीय अभियंत्याला धाडसाचा वाटला असता. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९०८ मध्ये ते धाडस केले. त्यामागे महाराष्ट्राच्या मातीत घालविलेल्या पाव शतकाची पुण्याई होती.

म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी हे त्यांचे जन्मगाव. वडील संस्कृत पंडित. त्यांचे छत्र लवकर हरपले. शिकवण्या करून बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजमधून १८८१ मध्ये ते पदवीधर झाले. म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीने पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सची वाट खुली झाली. १८८३ च्या अभियांत्रिकी परीक्षेत पहिले आल्यामुळे मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात त्यांना थेट नेमणूक मिळाली आणि १८८४ मध्ये नाशिकला ते सहायक अभियंता म्हणून रुजू झाले.

पहिली कसोटी धुळे परिसरात लागली. पांझरेच्या पात्राखालून नळ टाकण्याचे काम ऐन पावसाळ्यात त्यांच्याकडे आले. काम पुढे ढकलावे, अशी त्यांची सूचना वरिष्ठांना रुचली नाही. तरुण अधिकाऱ्याने मग वाद न घालता, पुराशी झुंजत ते पुरे केले, आणि नाराज झालेल्या त्याच वरिष्ठांचे मत पालटले. पुढे सिंधमधील सक्कर शहराच्या पाणीपुरवठ्यात पैशांची अडचण होती. गाळण्याच्या टाक्या बांधणे नगरपालिकेला परवडणारे नव्हते. नदीच्या पात्रातच विहीर खोदून वाळूच्या थरातून पाणी गाळून घेण्याची युक्ती त्यांनी योजली. ग्राहकाची ऐपत पाहून उपाय शोधणे हे सल्लागाराचे पहिले कौशल्य म्हटले पाहिजे. ते त्यांनी सक्करला आत्मसात केले.

पुणे परिसरातील काम त्यांच्या कीर्तीचा खरा पाया ठरले. खडकवासल्याच्या धरणात पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात टंचाई भासे. धरण उंच करायचे तर खर्च मोठा आणि जुन्या भिंतीवरील भारही वाढणार. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसविले. पाणी ठरावीक पातळीपर्यंत अडविले जाई. ती ओलांडताच दरवाजे आपोआप उघडत आणि पूर ओसरताच मिटत. भिंतीला हात न लावता साठ्याची पातळी सुमारे ८ फुटांनी वाढली. या रचनेचे पेटंट त्यांच्या नावे झाले, तरी सरकारी सेवेत असताना लावलेल्या शोधाचे स्वामित्वशुल्क त्यांनी घेतले नाही. दख्खनच्या कालव्यांवर १८९९ पासून आणलेली ‘ब्लॉक’ पद्धत हीही त्यांचीच. उसासाठी मुबलक पाणी मोजक्यांनी घ्यावे आणि बाकीच्यांनी पाहत राहावे, ही स्थिती पालटून पिकांची फेरपालट व पाण्याची वाटणी गावोगाव बसविण्याचा तो प्रयत्न होता. आरंभी विरोध झाला. शेतकऱ्यांशी बोलून, आकडेवारी पुढे ठेवून त्यांनी तो बराचसा निवळविला. एडनच्या पाणीपुरवठ्याचा अहवालही त्यांनी याच सेवेत, १९०६ मध्ये तयार केला.

कर्तृत्वामुळे त्यांना अनेक ज्येष्ठांना मागे टाकून बढती मिळाली होती. परंतु मुख्य अभियंत्याची खुर्ची भारतीयासाठी नव्हती, हे उघड होते. पूर्ण निवृत्तिवेतनास आवश्यक सेवा झालेली नसतानाही १९०८ मध्ये त्यांनी निवृत्ती मागितली. पेन्शनवर पाणी सोडण्याची तयारी ठेवूनच ते बाहेर पडले. सरकारने ती अपवाद म्हणून मंजूर केली, ही गोष्ट वेगळी. ते परदेश दौऱ्यावर निघाले. तिकडची धरणे, कारखाने आणि शहरे डोळसपणे पाहण्याचा हा दौरा होता.

या दौऱ्यातच निजाम सरकारचे बोलावणे आले. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद उद्ध्वस्त केले होते. विशेष सल्लागार अभियंता म्हणून १९०९ मध्ये तेथे पोहोचल्यावर त्यांनी प्रथम पावसाच्या नोंदी गोळा केल्या आणि पाणलोट क्षेत्र तपासले. क्षेत्रातील ७८८ तलावांपैकी २२१ फुटल्याचे आढळले. दुखणे शहरात नव्हते, ते वर होते. नदीकाठी केवळ भिंती बांधून भागणार नाही, वरच्या बाजूस जलाशय करून पूर अडविला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे झालेले उस्मानसागर व हिमायतसागर हे त्या सल्ल्याचे फळ होय.

त्याच वर्षी म्हैसूरचे मुख्य अभियंतापद चालून आले. होकार देण्यापूर्वी मोठी कामे आणि तांत्रिक शिक्षण यांना संस्थान पाठबळ देईल काय, हे त्यांनी विचारून घेतले. तरीही कावेरीवरील कृष्णराजसागर धरणाला अर्थखात्याने आडकाठी केली. कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज पुरविण्याचे उत्पन्न त्यांनी हिशेबात मांडले आणि १९११ मध्ये महाराजांची संमती मिळाली. मद्रास सरकारच्या हरकतीमुळे ८० फूट उंचीलाच परवानगी मिळाली होती. त्यांनी पाया मात्र १२४ फुटांचा घातला. धरण शेवटी त्याच उंचीचे झाले.

१९१२ ते १९१८ या दिवाणपदाच्या काळात बंगळूरचे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. नोकऱ्यांतील मागासवर्गीय प्रतिनिधित्वाच्या प्रश्नावर मात्र महाराजांशी मतभेद होऊन ते पायउतार झाले. गुणवत्तेचा त्यांचा आग्रह प्रामाणिक होता. संधीच्या विषमतेचे गणित त्यात पुरेसे नव्हते, असेच आज म्हणावे लागेल.

रुळांचा आवाज ऐकून अपघात टाळल्याच्या वगैरे कथा त्यांच्याविषयी सांगितल्या जातात. त्यांचे अहवाल त्याहून बोलके आहेत. १९२३ पासून भद्रावतीचा तोट्यातील लोखंड कारखाना त्यांनी सावरला. त्या कामाचे थकलेले सुमारे दीड लाख रुपये मिळाले, तेव्हा ती रक्कम तंत्रशिक्षण संस्थेसाठी देऊन टाकली आणि संस्थेला स्वतःचे नाव देण्यास नकार दिला.

१९५५ मध्ये ‘भारतरत्न’ मिळाले. त्याआधी, वयाची नव्वदी उलटल्यावर, गंगेवरील पुलाच्या जागेची पाहणी करून त्यांनी मोकामाची शिफारस केली होती. १९५९ मध्ये तो पूल वाहतुकीस खुला झाला. एप्रिल १९६२ मध्ये, शंभरी ओलांडून, बंगळूरला त्यांचे निधन झाले.